कुंद्याचा डबा

सकाळी इनक्युबेटरचं दार उघडलं
की कधीकधी द्राक्षांचा वास येतो.
अथणीकडची, टोपलीत तळाशी राहून गेलेली,
जराशी उतरलेली द्राक्षं.
नवी लागलेली पोरगी म्हणाली, अक्का, कुणी डबा आणलाय?
बाई, हा जंतू आहे.
पिकल्यासारखा वास त्याला, आणि थाळीवर हिरवा उतरतो.

नमुना चारशे सोळा. सातेरी भरमा मोदगेकर,
वय एकोणतीस, उद्यमबागेत फाउंड्री.
ओतताना बिडाचा रस बुटात गेला. डावा पाय. महिना झाला.
चिठ्ठीवर नाव कन्नडमध्ये,
खाली कुणीतरी पेनानं मराठीत.
जंतूचं नाव तेवढं लॅटिन,
त्यावर अजून कुणाचा मोर्चा नाही.

या जिल्ह्यात सीमा म्हटलं की आवाज चढतात.
मी पावणेदहाला पट्टी घेऊन बसते
आणि सीमा मोजते, मिलिमीटरमध्ये.
थाळीभर जंतूंची साय, वर औषधांच्या सहा चकत्या.
जे औषध चाललं, त्याच्याभोवती साय धरत नाही,
चंद्राला पडतं तसं खळं पडतं.

पहिली: सहा.
सहा म्हणजे चकतीचीच रुंदी. म्हणजे काही नाही.
जंतू अगदी उंबऱ्याला टेकून बसलेले.
दुसरी: सहा.
तिसरी: आठ. आठ आहे की अक्का!
आठावर कुणी बरं होत नाही, बाळ.
चौथी मी दोनदा मोजली. पाचवी मोजायची गरजच नव्हती.

त्याची आई बाहेर बाकावर. इरकल नेसलेली, मुठीत पावती.
आधी गोळ्या घेतल्या होत्या का?
तिनं हिशेब दिला, न लाजता, न लपवता:
मेडिकलवाल्यानं धा दिल्या. चार ह्यानं खाल्ल्या.
पाय हलका वाटूलालाय म्हटला, तवा मीच म्हटलं, बास.
दोन शेजारच्या शिवलीलाच्या पोराला, ताप होता त्याला.
एक मी. दाढ.
तीन ठेवल्यात कुंद्याच्या डब्यात,
कुणाला लागल्या तर.

कुणाला लागल्या तर.
फॉर्मवर याला रकाना नाही.
भिंतीवरचा कागद म्हणतो, निष्काळजीपणा.
मला दिसली ती बाई,
जिनं दहा गोळ्यांत दोन घरं भागवली,
पाहुणा आला की आमटीत तांब्याभर पाणी ओततात तशी.
पातळ झालेल्या औषधानं दुबळे तेवढे मेले.
उरले ते दांडगे,
आणि त्यांच्यात पिढी वाढायला
अर्धा-पाऊण तास पुरतो.

सहावी चकती: बावीस.
पट्टी फिरवून पुन्हा धरली. बावीसच.
हे गोळीत मिळत नाही.
शिरेतून, आठ-आठ तासांनी, भरती होऊन.
डॉक्टरांनी कागदावर दिवस लिहिले, मी बाहेर येऊन सांगितलं,
एक लागू पडतंय.
एष्टु दिना? घाईत तिच्या तोंडून कन्नड आलं,
मग मराठी, किती दिवस?
चौदा. एकही कमी नाही. कुणाला वाटायचं नाही.
शिरेतलं वाटू कसं, बाई?
म्हणाली, आणि हसली. पहिल्यांदाच.

संध्याकाळी वडगावात घरी आले.
फडताळात वरच्या फळीवर आमचाही डबा,
पिवळा, तळाशी अजून तुपाचा वास.
आत कात्रीनं कापलेली पाकिटं.
एकावरची तारीख कापण्यात गेलेली,
एकावर नवऱ्याच्या अक्षरात 'घसा'.
कचऱ्यात नको, गटारात तर नकोच,
उद्या लॅबच्या पिवळ्या पिशवीत टाकू म्हणून
डबा बाजूला काढला
तोवर दारात गंगव्वा. कडेवर नातू, अंग भट्टीसारखं.
डब्यात काय हाय काय, बाई?

मी डबा पाठीमागं धरला,
चोरून खाणाऱ्या पोरासारखा,
आणि पायानंच चपला शोधल्या.
चला, दवाखाना आठपर्यंत उघडा असतो. मी येते बरोबर.
ती आली.
पण गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत
वळून वळून माझ्या दाराकडं बघत होती.