सहा कोपरे

मागच्या कॅलिपरच्या बोल्टाच्या डोक्यात
सहा कोपऱ्यांची एक खोली होती.
रविवारी रात्री मी ती गोल केली.

हत्यार म्हणजे कपाटाबरोबर फुकट आलेली ॲलन की,
बसते म्हणून घातलेली. सायकल गॅलरीत उलटी,
चाकं वर, आणि मी जोर लावत होतो एकटाच.
कर्र झालं. वाटलं, सुटला.
सुटला नव्हता. नुसती किल्लीच फिरत होती आता,
रिकाम्या वाटीत चमचा फिरावा तशी.

सोमवारी गोडोलीला.
दस्तगीर शिकलगारांच्या दुकानात
वडिलांचं धार लावायचं चाक अजून आहे,
त्यावर पंक्चरच्या ट्यूबा वाळत घालतात.

त्यांनी आधी लिव्हर दाबला.
तो हँडलला जाऊन टेकला, भिजलेल्या पावासारखा.
"कधीपास्नं?"
"मे महिन्यापासून."
"आन तसाच यवतेश्वर उतरताय?"
मी काही बोललो नाही.
बुटाचा झिजलेला तळवा बोलला.

मग बोल्ट. बॅटरी लावून, एक डोळा मिटून,
दाताचे डॉक्टर बघतात तसं बघितलं.
"कंच्या अंगाला फिरवत होता?"
मी हवेत हात फिरवून दाखवला.
"सायकल उलटी?"
उलटी.
"म्हंजे आवळत होता तुम्ही."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती.
एक हसलं.
दुसरं हसू नये म्हणून पंपाकडे बघत राहिलं.

"बोल्टाच्या तोंडाम्होरं जाऊन बसायचं," ते म्हणाले,
"मग डावं ते डावं. मागनं हात घातला की समदं फिरतं."

जोर लावलाच नाही त्यांनी.
तेलाचे दोन थेंब सोडले, वर चिंधी ठेवली.
"रातभर मुरू द्या. लोणचं हाय समजा."
मी करंज्यापर्यंत चालत गेलो.
वाटेत एक उतार आहे,
सायकलवर तो नेहमी फार लहान वाटायचा.

मंगळवारी त्यांनी चांदणीच्या टोकाचं एक बिट काढलं,
भोकापेक्षा केसभर मोठं,
आणि हातोडीनं आत बसवलं. टुक. टुक.
खिळा ठोकतात तसं नाही,
नारळ वाजवून बघतात तसं.
लोखंडात नवे कोपरे पडले.
मग ते उकिडवे बसले, बोल्टासमोर, अगदी समोर.
टक्.
बोटं मोडल्यासारखा, बरं वाटणारा आवाज.

ब्रेकचं काम त्यानंतर.
चाक काढलेलं, म्हणून पॅडच्या मधे पुठ्ठ्याची घडी,
"न्हाईतर लिव्हर दाबशीला, पिस्टन भाईर येतील,
आन तुमी परत हितंच."
मेडिकलमधली सिरिंज, खालून तेल,
गाडीचं नाही, या ब्रेकला मिनरलच लागतं,
वर लिव्हरपाशी बोटभर नरसाळं,
आणि होजवर नखाच्या टिचक्या.
बुडबुडे एकेक करून वर आले.
"ह्यो बघा तुमचा मे महिना."

"तेल दबत न्हाई," ते कुणाला तरी सांगावं तसं बोलले,
बहुतेक मलाच.
"बोटानं जे सांगितलं ते तसंच खाली पोचवतं.
हवा मधल्यामधी गिळती."

शेवटचा बुडबुडा काही येईना.
आम्ही दोघं नरसाळ्यात बघत बसलो.
बाहेर एसटी वळली. चहा आला, निवला.
मग आला, मोहरीएवढा,
आणि कुणाला न दिसता फुटला असता,
पण आम्ही बघत होतो.

साडेतीनशे झाले. जुना बोल्ट मागून घेतला.
"काय करताय त्याचं?"
असू दे म्हटलं.

बुधवारी सांबरवाडीच्या वळणावर
एका बोटानं दाबला.
सायकल माझ्या अंदाजाच्या बरीच अलीकडे थांबली,
कठड्याजवळ, जिथे मी आजवर कधी थांबलोच नव्हतो.
खाली सातारा पसरलेला, पलीकडे अजिंक्यतारा.
खिशातला बोल्ट मांडीला टोचत होता.
मी शहराच्या तोंडासमोर उभा राहिलो
आणि बराच वेळ ठरवत होतो,
इथून माझं घर नक्की कुठल्या अंगाला.