रंग धरणारं

पावण्याच्या डाइंग युनिटात एकोणतीस वर्षं
दादांनी पॉलिएस्टर उकळलं.
अजून त्यांच्या अंगठ्याच्या नखाखाली
एक निळी रेघ आहे, साबणाला न जुमानणारी.

म्हणून त्यांच्यासमोरच मांडल्या पाचही तबकड्या
घणसोलीच्या आमच्या ओट्यावर, पेपर पसरून.
लांबून फेकायची, साखळ्यांच्या टोपलीत पाडायची,
एवढंच सांगितलं खेळाबद्दल.
"आणि मग?"
"मग काढायची, पुढच्या टोपलीकडे जायचं."
"हं. कंपनीतही तेच होतं."

पहिली त्यांनी ट्यूबलाइटला धरली.
काचेसारखी. पलीकडचा पंखा फिरताना दिसला तिच्यातून.
"ही रंग पिते. पण पोटात पांढरं नाही,
पिवळा दिलास तर उन्हातच कळेल."
दुसरीवर सोनेरी छाप.
"अ‍ॅसिटोनने आधी पूस.
दुसऱ्याच्या नावावर आपलं नाव बसत नाही."
तिसरी लाल. तिच्याकडे बघितलंही नाही.
"लालावर काळाच चढतो.
काळा कशावरही चढतो, त्यात कसब काय?"

चौथी वाकवली, सोडली.
दुधट, जराशी रबरी. हुंगली.
"ही घे. हिला घाई नाही.
पालथी ठेव रंगात, रात्रभर,
पाणी हाताला सोसेल इतकंच गरम,
नाहीतर पापड होईल तिचा."

पाचवी सगळ्यात स्वस्त, खडूसारखी कोरडी.
ती उचलून परत ठेवली.
"हिच्यात रंग शिरेल," बऱ्याच वेळाने म्हणाले,
"आणि शिरतच राहील. रेघ राहायची नाही."

दुधटीवर मी चिंबोरी काढली.
चिकट कागद ब्लेडने कापून, नांग्यांसकट,
दोन रात्री, मान अवघडेपर्यंत.
सकाळी दादांनी भिंगातून कडा तपासल्या.
"बसला," म्हणाले. कंपनीत एवढंच म्हणत असावेत.
रविवारी खाडीवरून वारा सुटला
आणि तबकडी वळून थेट होल्डिंग पाँडमध्ये.
हर्षाली काठावर पोट धरून हसत होती:
"तुझी चिंबोरी घरी गेली गं!"

राहिली पाचवी.
तिच्यावर मी हट्टाने लिहिला होता
दादांचा हजेरीचा टोकन नंबर, एकशे सत्तेचाळीस,
उरलेल्या निळ्यात.
नारळी पौर्णिमेपर्यंत सात फुगला.
गणपतीत चाराचं तळं झालं,
एक तेवढा ताठ होता, तोही नवरात्रात वाकला.
आता नुसता निळा डाग, काठ नसलेला.
पारसिकच्या दगडांवर घासून घासून
तबकडीची कड झिजली, डाग तसाच.
मी हल्ली हीच फेकते.

काल दादांनी मागितली. उलटसुलट करून पाहिली.
आकडा मी सांगितला नाही, त्यांनी विचारला नाही.
अंगठा मात्र डागावर होता.
"प्लास्टिक चुकीचंच निवडलंस," म्हणाले,
आणि तबकडी मांडीवर ठेवून
बराच वेळ पाण्याच्या टँकरबद्दल बोलत राहिले.