ऐच्छिक

रात्रीचे पावणेदोन. चेंबूर, चौथा मजला.
माहुलच्या बाजूला रिफायनरीची ज्योत
खिडकीच्या गजांत थरथरते.
मी दस्तऐवज बांधायला लावलेत, तिसऱ्यांदा.

एकशे बारा पानं झाली, आणि पुन्हा तेच:
भरती — मॉड्यूल सापडलं नाही.

सापडणार कसं?
दुपारी मीच ते गाभ्यातून उचललं
आणि 'ऐच्छिक' नावाच्या फोल्डरात ठेवलं.
वापरणारे चारजण.
त्यातली एक मी, तीही तपासण्यापुरती.

ऐच्छिक म्हटलं की नववीचा वर्ग आठवतो.
ज्यांना संस्कृत नको त्यांनी मैदानावर जा.
आम्ही सगळ्या मैदानावर.
वर्गात काळसेकर बाई आणि एकटी अनुसूया,
तरी तास पुरती पस्तीस मिनिटं चालायचा.

दामिनी वैती, ट्रॉम्बे कोळीवाडा.
चार वर्षांपूर्वी तिनं हे पाठवलं,
सोबत एकच ओळ: बघा, लागलं तर.
नंतर माझ्या दोन पत्रांना उत्तर नाही.
तिचा कोड उघडला. फंक्शनांची नावं अर्धीमुर्धी,
पण मधूनमधून टिपा:

तिथीची पाऊणपट करा, भरतीचा तास येतो. आबांचा हिशोब.
अष्टमीला भांग, पाणी आळशी.
पुनवेनंतर दोन दिवस दोर सैल ठेवा,
नाहीतर मचवा लटकतो.

याचे दस्तऐवज मी काय लिहिणार?
टिपा तशाच उचलल्या, पानाच्या डोक्यावर ठेवल्या.
खाली तिचं नाव.

मग बांधणीची रीत बदलली:
मॉड्यूल चालवायचं नाही, नुसतं वाचायचं.
ज्याच्याकडे ते नाही
त्यालाही कळलं पाहिजे की ते आहे.
एवढ्याशा गोष्टीला तासभर गेला,
एक स्वल्पविराम चुकला होता.

उरली यादीतली ओळ.
लिहिलं: नसलं तरी चालतं.
वाचलं. खोडलं.
कुणाच्या तरी तोंडावर बोलल्यासारखं वाटलं.
मग लिहिलं:
वेगळं घ्यावं लागेल. समुद्राजवळ राहत असाल तर घ्याच.

एकशे तेरा पानं. एकही तक्रार नाही.

स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले
तर कॅलेंडरवर चतुर्थी.
चाराची पाऊणपट, तीन.
घड्याळात तीनला पाच कमी.

इथून खाडी दिसत नाही.
तरी दिवा मालवून
मी पाच मिनिटं खिडकीत थांबले.