पावती

कंपनी देते रात्रीचे साडेतीनशे,
त्यातच जेवण धरलेलं.
पाठीवर बत्तीस गुंडाळ्या नकाशांच्या,
शाळाशाळांतून खपवायच्या :
महाराष्ट्र प्राकृतिक, महाराष्ट्र राजकीय,
आणि जगाचा एक, ज्याला गिऱ्हाईक नाही.

सांगलीच्या स्टँडसमोर, लॉजवर,
मगदूम म्हणून एकजण रजिस्टर उघडतात,
माझ्या खांद्यावरून पार दारापर्यंत बघतात.
"मिस्टर?"
नाहीत.
"मागनं येणारेत?"
नाहीत म्हणजे नाहीतच.
रजिस्टर मिटतं, इतकं हळू,
की आत नोंदलेल्यांची झोप मोडू नये.
"फुल्ल हाय ओ."
हुकांना लटकलेल्या किल्ल्या
मी तोवर मोजून झालेल्या : अकरा.

दुसरीकडे खोली होती, सातशेला.
तिसरीकडे होती तीनशेला,
दाराला आतून कडी नव्हती.
"कशाला लागतीय कडी, आमी हाय की रातभर,"
म्हणाला तिथला पोरगा,
आणि म्हणूनच मी निघाले.

मला खोल्या कळतात.
नऊ वर्षं झाली.
गादी उलटून बघायची, आरसा सरकवून बघायचा,
बादलीला चीर असेल तर पन्नास कमी करून मागायचे,
जिन्यालगतची नको.
आणि जिथं मालकीणबाई गच्चीत पापड वाळत घालतात
तिथं काही न बघता पैसे मोजायचे.

शेवटच्या सिटी बसनं मिरज.
दवाखान्यामागच्या गल्लीत खाटा मिळतात, शंभरला एक,
नातेवाईकांसाठी.
बायकांची रांग वेगळी, दिवा रात्रभर चालू,
कुणी ना कुणी जागं असतंच.
खाटवाल्यानं पेन उचललं : "पेशंटचं नाव?"
पेशंट नाही.
"मग खाट न्हाई, ताई."

म्हणजे सांगलीत नवरा लागतो,
मिरजेत पेशंट.

आईचं नाव आलं होतं ओठांवर.
तिला जाऊन चार वर्षं झाली.
शंभर रुपयांच्या खाटेसाठी
तिला पुन्हा आजारी पाडणं
नाही जमलं.

पुढच्या बोळात एक दुकान अर्धं मिटलेलं.
मी पाणी मागितलं, एवढंच.
जैबुनबी सतारमेकर भोपळ्याला पॉलिशपेपर मारत होत्या,
हात कोपरापर्यंत भुश्शानं पिवळे.
माझ्या गुंडाळ्यांकडे बघून म्हणाल्या,
"तुमी काय वाजीवता?"
मी म्हणाले, नकाशे.
त्या इतक्या हसल्या की शिंकल्या.

वर माळ्यावर भोपळे टांगलेले, दोरीला, उलटे,
पन्नास-साठ तरी.
"त्येंच्याखाली झोपा. कुनी काय बोलणार न्हाई."
चटई, उशी, तांब्यावर पालथं भांडं.
वांग्याची भाजी, दोन भाकरी.

रात्री दोनला मालगाडी गेली.
कोपऱ्यातला तारा चढवलेला एक तंबोरा
आपोआप गुणगुणला, थांबला.
मग इंजिन शिटी देऊन दूर गेलं
तरी मी वाट बघत राहिले
पुढच्या गाडीची.
केव्हा झोप लागली, ते नाही सांगता येणार.

सकाळी दीडशे पुढे केले.
त्यांनी भाकरीचे धरले नाहीत, मला मात्र पावती हवी होती.
"पावती?" कपाटाच्या तळातून जुनं बुक निघालं,
कार्बन वाळून कडक झालेला.
त्यात लॉजिंग असा रकानाच नव्हता.
विचार करून त्यांनी लिहिलं :
तंबोरा नग एक. दुरुस्ती. रुपये दीडशे फक्त.
खाली सही, उजवीकडून सुरू होणारी.

पुण्याच्या ऑफिसात देवस्थळींनी
ती चष्म्याखालून वाचली, चष्म्यावरून वाचली.
"तुमचा तंबोरा आहे?"
हो म्हणाले.
"कंपनीच्या कामासाठी लागतो?"
त्याला काय उत्तर द्यायचं असतं?
लाल शाईत : नामंजूर.

डायरीच्या मागच्या पानांवर माझी यादी आहे,
गावं, दर, फोन नंबर, ढेकूण आहेत-नाहीत.
मिरजेपुढे नंबर नाही.
पावती टाचणीनं लावलीय,
तिच्याखाली माझ्या अक्षरात :
भोपळ्यांची खोली.
आतून कडी आहे.