ऊर्फ

सेंट जेनेव्हीव्हच्या ग्रंथालयात मंगळवारी आणि शुक्रवारी
मायक्रोफिल्मच्या यंत्रापाशी मी बसते.
नवरा चुन्याच्या कारखान्यात, आणि माझ्यापाशी
संध्याकाळच्या वर्गात शिकलेलं मोडकं फ्रेंच,
एवढ्या भांडवलावर.

व्हर्ल मॉन्टेन आले टोपी हातात धरून.
ऐंशीचे असतील. फेरीबोटीवर जन्म गेला.
म्हणाले, आमचं आडनाव कुठल्या डोंगरावरून गडगडत आलं
ते बघायचंय. घराण्यात डोंगर कुणी चढलेला नाही.

रीळ फिरलं. सतराशे बावन्न,
नदीपलीकडच्या किल्ल्यातला शिपाई:
झाक गोद्रो दी त्राँशमोंतान्य.
दी म्हणजे म्हणतात. ऊर्फ.
आणि पुढचं?
पुढचं म्हणजे डोंगरतोडे.

मला हसू आवरेना.
त्यांना वाटलं, मी त्यांच्या पूर्वजाला हसले.
मग सांगावंच लागलं: मी माहेरची डोईफोडे.
बाकावर शेजारी वाघमारे, मागे आगलावे,
आणि हजेरी घ्यायला गोडबोले सर, जे छडीनं बोलायचे.
कुणीतरी कुणाला एकदा काहीतरी म्हणालं
आणि ते पिढ्यांच्या पाठीला चिकटलं.

झाकच्या पोरांनी नाव वाटून घेतलं,
मध्ये बांध घालून शेत वाटतात तसं:
थोरला गोद्रो, धाकटा डोंगरतोडे.
पुढे इंग्रजी बोलणाऱ्या कुणा कारकुनानं
तोडणं गाळलं, डोंगर तेवढा ठेवला.

आणि झाकची बायको?
दफनाच्या नोंदीत सापडली, सतराशे एकोणनव्वद:
मारी-जोझेफ लाँगलुआ, गोद्रोची विधवा.
चुकून लिहिलंय का, व्हर्ल म्हणाले.
नाही हो, रीतच होती ती. सदतीस वर्षं संसार, नऊ मुलं,
पण कागदावर जन्मली तीच बाई मेली.
बापाचंच नाव ते, म्हणा.
तरी शेवटपर्यंत नेलं तिनं.

माझं ताटातल्या तांदळात राहिलं.
अंगठीच्या टोकानं संजीवनीची मृणाल झाली,
टाळ्या पडल्या, पेढे वाटले.
त्या तांदळाचा नंतर भात केला की काय, आठवत नाही.
इथली बँक फोनवर आईचं माहेरचं आडनाव विचारते,
खात्री पटावी म्हणून.
म्हणजे ते इतकं कुणालाच ठाऊक नसतं.

पुढच्याच पानावर, त्याच शाईत, त्याच हातानं:
मारी-लुईझ, वय अंदाजे तीस, गोद्रोच्या घरची गुलाम.
दी नाही. आडनाव नाही.
बाप अज्ञात, असंही लिहायचे कष्ट नाहीत.
व्हर्लनी रीळ भरभर पुढे नेलं.
मी मागे आणलं.
यंत्राचा पंखा घुरघुरत राहिला.
मग खिशातून पेन्सिल काढून त्यांनी वहीत उतरवलं,
मोठ्या अक्षरांत, आपल्याच माणसांच्या खाली.

आमच्याकडे हेळवी यायचा बैलावर बसून.
चोपडी उघडली की आजोबांच्या आजोबांपर्यंत घडाघडा.
बायका नव्हत्या तिच्यात.
त्याच्या झोळीत जोंधळे मात्र बायकाच घालायच्या.

रात्री आटपाडीला फोन लावला. तिकडची सकाळ.
आई, तुझ्या आजीचं नाव काय गं?
कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली.
तिला सगळी मोठी म्हणायची.
अगं, म्हणायची ते नको. नाव.
तेच की. मोठी.
का, कुठं फॉर्म भरायचाय का?
आणि नदीला पाणी चढलंय म्हणतात तुमच्याकडं, खरं का?

ग्रंथालयाच्या वहीच्या मागच्या पानावर
मी एक रेघ ओढली.
पुढे दी. पुढे मोठी.
रेघ जरा लांबच ओढलीय,
सापडलंच कधी, तर मावावं.