सोय

मनीषनगरात रात्रीचे साडेअकरा.
कूलरची मोटर घरघरून राहिली,
तीनदा भिजवलेली वाळ्याची ताटी कोरडीच.
फोनमध्ये शलाकाच्या मागे
दुसऱ्याच कुणाची भांडी वाजतात.

मी नेहमीचंच विचारते:
सोय बरी आहे ना गं तिथं?
ती हसते. आई, स्पॅनिशमध्ये ‘सोय’ म्हणजे ‘मी आहे’.
यांच्याकडे ‘आहे’ दोन असतात.
नागपूरची आहे, त्याला एक.
दमलेली आहे, एंकार्नाबाईंकडे आहे,
त्याला दुसरं.

पुण्याच्या होस्टेलात
हिच्या ‘जेवून राहिली’ला पोरी हसायच्या.
दोन वर्षांत तिनं ते जिभेवरून खरवडून काढलं.
आता व्याकरणाच्या वहीत, समासात,
तेच पुन्हा लिहिते:
शिकून राहिली, चुकून राहिली.
अगदी आपलंच की गं, म्हणते.

फोन एंकार्नाबाईंच्या हाती जातो.
पांढरे आखूड केस, सुरीनं सोललेलं संत्रं.
आमच्याकडचं नुसत्या अंगठ्यानं सुटतं,
हे मी हवेतच सोलून दाखवते.
त्या मान डोलावतात, भरभर काही बोलतात.
शलाका गप्प.
काय म्हणाल्या?
म्हणाल्या, ही रोज झोपेत बोलते,
आणि आम्हाला एक शब्द कळत नाही.

फोन ठेवून ताटी पुन्हा भिजवते.
पाणी खालच्या तगारीत ठिबकत राहतं.
अंधारात एकदा म्हणून बघते: सोय.
हे कुशीवर वळतात,
काय बोलून राहिली?

काही नाही. झोपा.