पदरमोड

मार्चमधला रविवार, रात्रीचे सव्वाअकरा.
स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप, गार झालेला चहा
आणि टिलीच्या गणिताच्या वहीतलं फाडलेलं एक पान.
त्यावर मी माझ्या वर्षाची बेरीज मांडते आहे.

अप्रेझलसाठी पन्नास तास शिकल्याचा पुरावा हवा.
सदतीस सापडले.
उरलेले तेरा कुठेतरी सांडलेत:
केंडलहून परतताना गाडीत ऐकलेल्या त्या व्याख्यानात,
किंवा हृदयतज्ज्ञ फोनवर येईपर्यंत
उभ्या उभ्या वाचलेल्या लेखात,
ज्याचं नावही मी टिपून ठेवलं नाही.

फॉर्म विचारतो: या प्रसंगातून तुम्ही काय शिकलात?
खाली चौकोन. पाचशे अक्षरं.

लिहिते: रुग्ण अ, वय ब्याऐंशी, पूर्वी स्लेटच्या खाणीत.
नाव घालायचं नाही, असा नियम.
पण या दरीत रुग्ण अ म्हटलं तरी
पोस्टातली मॉरीन सांगेल, हा तर अर्नी बर्केट.
सहा आठवडे त्याचा खोकला मी खोकलाच समजत होते.
हे लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं.
एवढंच झालं, बाकीचा चौकोन पांढरा.
दफनानंतर त्याच्या बायकोनं मला अंडी आणून दिली,
डझनभर, वर्तमानपत्रात गुंडाळून.
ती कुठल्या रकान्यात भरू?

माझा भाऊ कॉलिन बॉयलर दुरुस्त करतो.
त्यालाही परवाना नवा करायला दिवस मोडावा लागतो.
तो दिवस तो गुपचूप गिऱ्हाइकांच्या बिलांत वाटून टाकतो.
'तू कुणाच्या बिलात घालतेस?' त्यानं विचारलं.
माझ्याकडे बिलच नाही, कॉलिन.

बदली डॉक्टर अर्ध्या दिवसाचे किती घेईल
ते ग्लेनिसनं पिवळ्या चिठ्ठीवर लिहून दिलंय.
चिठ्ठी मी उलटी ठेवली आहे.
वरून पत्र आलं: या कामाचा निधी मूळ रकमेतच धरलेला आहे.
मूळ रकमेत गळकं छप्पर धरलेलं आहे,
नर्सचा पगार, लशींचा फ्रिज,
आणि आता मीसुद्धा.

वेळ काढावा लागतो, असं सगळेच म्हणतात.
कसा? विहिरीतून पाणी काढावं तसा,
की दाढ काढावी तसा?
मी गुरुवारची दुपार काढली.
सोळा जणांची होती ती.

गुरुवारी फर्गस लेडलॉ आला,
किर्कस्टोनची खिंड ओलांडून, गारांच्या माऱ्यातून, दीड तास.
तोही आमच्यासारखाच फॅमिली डॉक्टर.
माझे कागद त्यानं आदल्या रात्री बारा ते दोन वाचले होते.
बैठकीचे पैसे त्याला मिळतात. रात्रीचे नाहीत, खिंडीचे नाहीत.
रुग्ण अ पाशी आल्यावर तो थांबला
आणि लॅपटॉप मिटला.

'माझी एक बाई होती,' म्हणाला,
'पोटदुखी. एकोणीस वर्षं झाली.
अजून तिच्या घरासमोरून गाडी नेत नाही मी.'

हीटर कडकड वाजत होता.
मग त्यानं फॉर्ममध्ये नसलेला प्रश्न विचारला:
झोप लागते का तुला?

मी काय बोलले ते इथे लिहिणार नाही.
पुष्कळ बोलले. नाक पुसायला
तपासणीच्या पलंगावरचा कागद फाडून घेतला.
चार वाजता फिजिओथेरपिस्टनं दार वाजवलं,
खोली तिची होती.
फर्गसनं उभ्यानंच लॅपटॉप उघडला
आणि शेवटच्या चौकोनात लिहिलं: चर्चा झाली.

शुक्रवारी त्या सोळांपैकी अकरा आले.
दोघं केंडलच्या इस्पितळात जाऊन बसले होते.
दोघांना आपोआप बरं वाटलं, निदान तसं ते म्हणाले.
'आणि एक बाई पुन्हा फोन करते म्हणाल्या,' ग्लेनिस सांगत होती,
'खोकत होत्या जरा.'

नंबर दे, म्हटलं.